वंगणाचा नळा

आमच्या आजोबांच्या बैलगाडीखाली वेळूचा एक नळा टांगलेला असे. एरंडेलात जाळलेल्या चिंध्यांची राख खलून केलेले काळेभोर वंगण त्यात भरलेले असायचे. गुळाच्या ढेपी घेऊन शाहूपुरीस निघण्याआधी आजोबा आसाची खीळ काढीत, चाक थोडे बाहेर ओढीत आणि काडीने आत वंगण माखीत. मला मात्र कुरकुरणारी गाडी आवडे. एकदा तसे बोलून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, "लेकरा, त्ये गाणं न्हवं. चाक उपाशी ऱ्हायलं की त्याची भूक बैलाच्या मानंवर बसतिया."

करवीरच्या गुळाचा इतिहास अशाच चाकांवर चालत आला आहे. १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली. पेठेतून गूळ रेल्वेने दूरदूर जाई. पण शिवारातून पेठेपर्यंतची वाट त्याला लाकडी तुंब्याच्या जोरावरच कंठावी लागे.

त्या तुंब्यात चाक आसावर घासत फिरे. घासण्याऐवजी लोळविले तर? ही युक्ती वेल्समधील फिलिप वॉन यास सुचली आणि १७९४ साली त्याने गाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पुढे १८९८ साली अमेरिकेतील हेन्री टिमकेन याने निमुळत्या रोलरचे पेटंट मिळविले. हा गृहस्थ मूळचा घोडागाड्या बनविणारा. वळणावर चाकाला बाजूचा रेटाही बसतो. हे रोलर भारासंगे तोही पेलतात.

आमच्या घरी रबरी टायरची गाडी आली आणि वेळूचा नळा माळ्यावर गेला. आता दिवाळीच्या सुमारास, उसाचा हंगाम तोंडावर आला की, माझा चुलतभाऊ अंगणात पोते अंथरून चाक उतरवितो. जुने ग्रीस रॉकेलने धुवायचे, रोलर पुसून कोरडे करायचे, एखाद्यावर खड्डा वा निळसर डाग दिसला तर बेअरिंगच बदलायचे. मग तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या फटीफटीत दाबायचे. शेवटी नट आवळायचा आणि किंचित सैल करायचा. चाक सहज फिरावे, पण डुलू नये. फार आवळले तर बेअरिंग तापून जळते.

चाक आता कुरकुरत नाही. पण कारखान्याच्या वाटेवर उसाने उतू जाणारी गाडी चढ चढताना पाहिली की मी थबकतो. बेअरिंगने वाचविलेले कष्ट बैलाच्या पदरात पडायला हवे होते. आपण त्यावर आणखी चार मोळ्या रचल्या. चाकाची भूक भागली, माणसाची तेवढी उरली. आणि ती अजून त्याच मानेवर बसते.

यंदा भाऊ नट सैल करीत होता, तेव्हा मी म्हटले, "अरे, मोळ्याही थोड्या सैल कर." तो हसला. पहिल्या खेपेस त्याने खरोखरच चार मोळ्या कमी भरल्या. माझी दिवाळी तिथेच साजरी झाली.