टेराहर्ट्झ लेसर : इलेक्ट्रॉनांच्या प्रवासाचे गणित

सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या दरम्यान टेराहर्ट्झ लहरींचा पट्टा येतो. या लहरी कागद, कापड व प्लास्टिक यांतून आरपार जातात आणि अनेक रसायने ओळखण्यास साहाय्यभूत ठरतात. सुरक्षा तपासणी, औषधनिर्मिती व खगोलशास्त्र या क्षेत्रांत त्यांना महत्त्व आहे. मात्र त्या थेट निर्माण करणारा अर्धवाहक लेसर थंड ठेवावा लागतो. ही अडचण दूर करण्यासाठी त्यातील इलेक्ट्रॉनांच्या प्रवासाचे अचूक गणित मांडणे आवश्यक ठरले आहे.

रचना

या उपकरणास क्वांटम कॅस्केड लेसर म्हणतात. त्याची मूळ कल्पना काझारिनोव्ह व सुरिस या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९९४ मध्ये असा पहिला लेसर तयार झाला. तो अवरक्त किरणांचा होता. टेराहर्ट्झ लेसर २००२ मध्ये इटलीतील पिसा व ब्रिटनमधील केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केला. त्याची वारंवारता ४.४ टेराहर्ट्झ होती आणि तो ५० केल्विन, म्हणजे उणे २२३ अंश सेल्सिअसपर्यंतच चालत असे.

यात गॅलियम आर्सेनाइड व ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटूनपालटून रचलेले असतात. जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसा इलेक्ट्रॉन एकेक टप्पा खाली येतो आणि प्रत्येक टप्प्यावर एक प्रकाशकण बाहेर टाकू शकतो.

उष्णतेचा अडसर

४ टेराहर्ट्झच्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे १६.५ मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे मिळणारी ऊर्जा सुमारे २६, म्हणजे त्याहून अधिक असते. परिणामी वरच्या पातळीवरील इलेक्ट्रॉन प्रकाश देण्याऐवजी स्फटिकाला कंपने देऊन खाली घसरतात. काही इलेक्ट्रॉन थरांचे अडथळे ओलांडून निसटतात.

आकडेमोडीच्या पद्धती

सर्वांत सोप्या पद्धतीत प्रत्येक पातळीवरील इलेक्ट्रॉनांची संख्या आणि संक्रमणाचा वेग यांची समीकरणे मांडतात. मात्र अडथळ्यातून आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाचे तरंगस्वरूप तीत पुरेसे विचारात घेतले जात नाही. त्यामुळे विद्युतप्रवाह प्रत्यक्षापेक्षा अधिक असल्याचे उत्तर येऊ शकते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील कॅलेबॉट व हू यांनी २००५ मध्ये डेन्सिटी मॅट्रिक्स पद्धतीने ही उणीव दाखवून दिली. ग्रीन फंक्शनवर आधारित पद्धत याहून सखोल आहे, परंतु तिला संगणकाची मोठी क्षमता लागते.

फलित

झुरिच येथील ईटीएच संस्थेतील गटाने २०१९ मध्ये ग्रीन फंक्शनच्या आधारे रचना सुधारून २१० केल्विनपर्यंत लेसर चालवला. द्रवरूप वायूऐवजी विजेवर चालणारा लहान शीतक त्यासाठी पुरेसा ठरला. अडथळ्यांची उंची वाढवून इलेक्ट्रॉनांची गळती रोखल्यावर २०२० मध्ये २५० केल्विनची मजल गाठली गेली. खोलीचे तापमान सुमारे ३०० केल्विन असते. तेथे पोहोचल्यास शीतकाविना हातात धरता येईल असे तपासणी यंत्र शक्य होईल.