कार्ब्युरेटर, मोटारसायकलीचा

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात शिरणाऱ्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोलचे तुषार मिसळणाऱ्या साधनास कार्ब्युरेटर म्हणतात. ग्रामीण महाराष्ट्रात त्याचा उच्चार बहुधा ‘कार्बोरेटर’ किंवा ‘कारबेटर’ असा होतो. मोटारसायकलीच्या इतर बहुतेक भागांची जुळणी कारखान्यात एकदा झाली म्हणजे पुरते. कार्ब्युरेटरची मात्र गाव, ऋतू, इंधन किंवा हवागाळणी बदलली की पुन्हा करावी लागते. त्यामुळे त्याचा इतिहास संशोधक व कारखानदार यांच्याइतकाच तालुक्याच्या ठिकाणी हाती पेचकस घेऊन काम करणाऱ्या मिस्त्रींचाही आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर भारतात रस्त्यासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याआधीच्या असंख्य गाड्यांवर तो आजही आहे.

पूर्वेतिहास : कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारगाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिळविली जात असे. अशा रचनेत मिश्रणाचे प्रमाण हवामानावर फार अवलंबून राही. १८९३ मध्ये हंगेरीतील दोनात बांकी व यानोश चोंका आणि जर्मनीतील व्हिल्हेल्म मायबाख यांनी तुषार उडविणाऱ्या चंचूचा कार्ब्युरेटर स्वतंत्रपणे पुढे आणला. आकुंचित नळीतून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो व त्या ओढीने पेट्रोल चंचूतून वर येते, हे त्याचे तत्त्व पुढे शतकभर टिकले. इंग्लंडमध्ये १९२७ साली तीन उत्पादकांच्या एकत्रीकरणातून ॲमल ही कंपनी निघाली. वरखाली सरकणारी दंडगोल स्लाइड व तिच्याखाली लोंबणारी निमुळती सुई ही तिची रचना मोटारसायकलींवर रूढ झाली. जपानच्या मिकुनी कंपनीच्या गोल स्लाइडच्या कार्ब्युरेटरचे मूळही ॲमलच्या परवान्यात आहे.

भारतात व महाराष्ट्रात : १९५५ मध्ये मद्रास येथे रॉयल एन्फिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली आणि तिच्याबरोबर ॲमल भारतीय रस्त्यांवर आला. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या गाड्या १९६१ पासून (१९७३ पासून येझदी या नावाने) आणि एस्कॉर्ट्‌सची राजदूत यांनी ग्रामीण भाग व्यापला. पुण्यात बजाज ऑटोने १९६० च्या दशकात परवान्याखाली व्हेस्पा आणि १९७२ पासून चेतक स्कूटर बनविली. या स्कूटरवरील ‘स्पॅको’ कार्ब्युरेटर उघडून साफ करणे हा महाराष्ट्रातील दोन पिढ्यांच्या मिस्त्रींचा पहिला धडा होता. १९८५ मध्ये बजाजचा वाळूज येथील कारखाना सुरू होऊन दुचाकी उद्योग मराठवाड्यात पोहोचला. त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० व हीरो होंडा सीडी १०० बाजारात आल्या. पहिलीने मिकुनीचा आणि दुसरीने केइहिनचा परिचय गावोगाव करून दिला.

जुळणीचे तत्त्व : शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास एक भाग इंधनामागे वजनाने १४.७ भाग हवा लागते. याहून इंधन अधिक असल्यास मिश्रण ‘रिच’ व कमी असल्यास ‘लीन’ समजतात. स्लाइडच्या कार्ब्युरेटरात थ्रॉटलच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळे भाग काम करतात. सुरुवातीच्या सुमारे एक-अष्टमांशापर्यंत पायलट जेट, तेथून पावापर्यंत स्लाइडच्या बुडाचा काप, पाव ते पाऊण या पल्ल्यात सुई आणि त्यापुढे मुख्य जेट. गाडी नेमकी कोणत्या टप्प्यावर अडखळते हे ओळखले की निम्मे काम झाले. ते न ओळखता स्क्रू फिरविणारा मिस्त्री एक दोष झाकून दुसरा निर्माण करतो. स्क्रूबाबतची एक गफलत सार्वत्रिक आहे. हवेच्या वाटेवरील स्क्रू बाहेर काढला की मिश्रण लीन होते, तर एंजिनाच्या बाजूचा इंधन-स्क्रू बाहेर काढला की ते रिच होते. दोन्ही स्क्रू बाहेरून सारखेच दिसतात.

मिश्रणाची परीक्षा पूर्वी प्लगच्या रंगावरून होई. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवून त्याच क्षणी क्लच दाबून एंजिन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. काळी काजळी आढळल्यास मिश्रण रिच, पांढुरकी चिनीमाती दिसल्यास लीन व फिकट तपकिरी रंग असल्यास योग्य. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आल्यावर हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटेनासा झाला. जुने जाणकार मिस्त्री त्यानंतर कानावर अधिक विसंबू लागले.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती : कार्ब्युरेटर स्वतः काहीच मोजत नाही. हवा विरळ झाली तरी चंचूतून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही आणि मिश्रण रिच होते. हवेची घनता जितकी उतरते त्याच्या सुमारे निम्म्या प्रमाणात हा फरक पडतो. बालाघाटच्या पठारावरील धाराशिव शहर (पूर्वीचे उस्मानाबाद, जिल्ह्याचे अधिकृत नामांतर २०२३) समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मी. उंच आहे. तेथील हवा केवळ उंचीमुळे किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. हिवाळ्यातील पहाटेच्या १५° से. पासून उन्हाळ्यातील दुपारच्या ४०° से. पर्यंत तापमान चढले की त्याच जागी घनता आणखी ८ टक्के घटते. थंडीत सुरेख चालणारी येझदी वैशाखात धूर ओकते व जड होते, याचे कारण एवढेच आहे. सुईची क्लिप एक खाच वर बसविली म्हणजे सुई खाली उतरते, मिश्रण लीन होते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. हिवाळ्यात ती पूर्ववत करावी लागते. ते विसरल्यास टू-स्ट्रोक एंजिनास धोका असतो. अशा एंजिनात वंगणाचे तेल इंधनात मिसळलेले असल्याने लीन मिश्रणाबरोबर वंगणही कमी पडते आणि तापलेला दट्ट्या सिलिंडरात आवळतो. लांब चढावर किंवा भारासह गाडी अचानक जाम होते ती पुष्कळदा यामुळेच. रॉकेलची भेसळ हे अशा बिघाडाचे दुसरे जुने कारण होय.

जिल्ह्यातील दुसरी अडचण धुळीची. काळ्या जमिनीची बारीक माती व माळावरील मुरूम यांनी हवागाळणी चोंदते व मिश्रण रिच होते. मग कोणी गाळणीच काढून टाकतो. गाडी चार दिवस हलकी वाटते. पण मिश्रण लीन होते आणि धूळ थेट सिलिंडरात जाऊन रिंगा झिजवते. गाळणी काढून त्यावर उपाय म्हणून जेट वाढविणे हा उलटा मार्ग असून तो गॅरेजमध्ये वारंवार अवलंबिला जातो.

बाहेरून बसविलेले कार्ब्युरेटर : मातीवरील शर्यतींसाठी बनविलेल्या परदेशी गाड्या भारतात दीर्घकाळ सामान्य स्वारांच्या आवाक्याबाहेर होत्या. पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत मातीच्या धावपट्टीवर धावणाऱ्या गाड्या बहुधा रस्त्यावरच्याच, विशेषतः आरएक्स १०० व सुझुकी शोगन, स्थानिक गॅरेजमध्ये बदललेल्या असत. मूळ कार्ब्युरेटर काढून मोठ्या व्यासाचा बसविण्याची प्रथा त्यातून वाढली. हीरो कंपनीने २०११ मध्ये आणलेली इम्पल्स ही कच्च्या रस्त्यासाठीची १५० घ. सेंमी. गटातील भारतीय गाडी कार्ब्युरेटरवरच चालणारी होती. २०१९ ची एक्सपल्स २०० कार्ब्युरेटर व इंधन-अंतःक्षेपण या दोन्ही रूपांत निघाली आणि पुढच्याच वर्षी केवळ दुसऱ्या रूपात उरली.

अशा चार-स्ट्रोक गाड्यांवर मुळात स्थिर निर्वाताचे कार्ब्युरेटर असतात. त्यांत रबरी पडद्याला जोडलेली स्लाइड एंजिनाच्या ओढीप्रमाणे आपोआप उचलली जाते. रस्त्यावर ही रचना समंजस ठरते, उंचीचा फरकही ती काहीशी सावरून घेते. मातीत मात्र चढावर किंवा उडी घेण्यापूर्वी थ्रॉटल उघडताच जोर हवा असतो आणि पडदा उचलण्यास लागणारा क्षण स्वारास खटकतो. म्हणून तारेने थेट स्लाइड उचलणारे कार्ब्युरेटर, उदाहरणार्थ केइहिनचा पीडब्ल्यूके किंवा मिकुनीचा सपाट स्लाइडचा टीएम, पसंत केले जातात. त्यांच्या हुबेहूब नकलाही बाजारात स्वस्त मिळतात. नकलांतील जेटवरचा आकडा व प्रत्यक्ष छिद्र यांचा मेळ असेलच असे नाही, त्यामुळे अशा कार्ब्युरेटरची जुळणी आकड्यांवरून करणे व्यर्थ होय.

व्यास मोठा म्हणजे शक्ती अधिक, हा समज चुकीचा आहे. १५० ते २०० घ. सेंमी. च्या एंजिनास २६ ते २८ मिमी. व्यास साधारणपणे पुरतो. त्याहून मोठ्या नळीत कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, ओढ क्षीण होते व तुषार नीट फुटत नाहीत. परिणामी शेतवाटेवर, जेथे गाडी बहुतांश वेळ संथ चालते, ती पूर्वीपेक्षा निकृष्ट चालते. नवा कार्ब्युरेटर बसविल्यावर प्रथम फ्लोटची उंची तपासावी, कारण भांड्यातील पेट्रोलची पातळी चुकली की पुढची प्रत्येक जुळणी चुकते. नंतर पूर्ण थ्रॉटलवर मुख्य जेट, मग सुई व शेवटी पायलट आणि स्क्रू असा क्रम ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा. उडीनंतर गाडी जमिनीवर आपटताना भांड्यातील पेट्रोल हिंदकळून एंजिन क्षणभर गुदमरते. फ्लोटची उंची किंचित बदलल्याने हा दोष कमी होतो, जेट बदलून होत नाही.

कायदा व इंधन : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये जुन्या दुचाकींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण एंजिन मंद फिरताना मोजतात. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या गाड्यांसाठी ४.५ टक्के व त्यानंतरच्या गाड्यांसाठी ३.५ टक्के अशी मर्यादा ठरविण्यात आली. मंद फेऱ्यांवर केवळ पायलटचा मार्ग चालू असल्याने स्क्रू अर्धा फेरा फिरवून चाचणी उत्तीर्ण होता येते, मग मुख्य जेट कितीही बेताल असो. या मोजणीची ती मोठी उणीव आहे. भारतात इंधन-अंतःक्षेपणाची पहिली मोटारसायकल, हीरो होंडा ग्लॅमर एफआय, २००६ मध्ये आली. या पद्धतीत संवेदक हवेचा दाब व तापमान पाहून इंधन ठरवितात. मिस्त्री ऋतूगणिक जे करी ते काम येथे एंजिनाच्या प्रत्येक आवर्तनात होते, आणि दुरुस्तीस पेचकसाऐवजी निदानयंत्र लागते.

जुन्या गाड्यांपुढील आजचा प्रश्न इथेनॉलचा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड व उत्तर प्रदेशात बरेली येथे झाले. २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलला वजनाने केवळ ९ पट हवा लागते. २० टक्के मिश्रणास सुमारे १३.५ पट. अंतःक्षेपणाची गाडी हा फरक काही मर्यादेपर्यंत स्वतः भरून काढते. कार्ब्युरेटरमधून मात्र पूर्वीइतकेच इंधन येते आणि मिश्रण ७ ते ८ टक्के लीन होते. उसाचा पट्टा असलेल्या धाराशिवमध्ये ज्या शेतकऱ्याचा ऊस या इथेनॉलच्या मुळाशी आहे, त्याच्याच जुन्या गाडीचा दट्ट्या त्यामुळे अधिक तापतो. उन्हाळ्यातील विरळ हवा हा लीनपणा थोडा सावरते. डिसेंबरातील पहाटे तो पूर्ण जाणवतो. केइहिनच्या मुख्य जेटचा आकडा छिद्राचा व्यास शतांश मिमी. मध्ये दाखवितो. तेथे ११० च्या जागी ११४ चे छिद्र सुमारे ७ टक्के अधिक क्षेत्रफळ देते, म्हणून बाजारात मिळणाऱ्या ११२ किंवा ११५ पैकी एक निवडावा लागतो. पायलट जेट व सुई यांतही तेवढीच वाढ करणे इष्ट असते, पण गॅरेजमध्ये बहुधा मुख्य जेटच बदलला जातो. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व फ्लोटच्या झडपेचे टोक इथेनॉलने फुगते किंवा कडक होते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोटच्या भांड्यात तळाशी पाणी साठते व जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. गाडी ठेवून देण्यापूर्वी भांड्याखालचा स्क्रू सैल करून ते रिकामे करणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.