कोलोनोस्कोपीची भूल आणि निजामाचे एक हजार पौंड

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सुचवली की पेशंट आधी विचारतात, "डॉक्टर, दुखेल का हो?" गुंगीचं इंजेक्शन देतात असं सांगितलं की थोडा आवाज उतरवून पुढचा प्रश्न येतो, "पण उठेन ना मी त्यातून?"

या दुसऱ्या प्रश्नावर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता, आणि तो आपल्याच राज्याच्या राजधानीत. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं.

१८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. क्लोरोफॉर्म आधी हृदय थांबवतो की श्वास, यावर डॉक्टर भांडू लागले. भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवायचं की छातीकडे बघायचं, हे त्या उत्तरावर ठरणार होतं.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी श्वासाच्या बाजूचे. १८८८ साली त्यांच्या पुढाकाराने पहिलं 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसलं. लंडनच्या 'लॅन्सेट'ला त्याचा निष्कर्ष पटला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले: तुमचाच माणूस पाठवा आणि खात्री करून घ्या. १८८९ मध्ये डॉ. लॉडर ब्रंटन आले. शेकडो कुत्र्या-माकडांवर प्रयोग झाले (आज वाचताना वाईट वाटतं) आणि ब्रंटन यांनाही लॉरींचं म्हणणं पटलं. त्याच काळात लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांनी पुढे हैदराबादेत अनेक वर्षं क्लोरोफॉर्म देण्याचं काम केलं. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात.

पण कमिशन अर्धंच बरोबर होतं. भूल हलकी असतानाही क्लोरोफॉर्मने हृदयाचे ठोके एकाएकी विस्कटून माणूस जाऊ शकतो, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं. म्हणजे लक्ष दोन्हीकडे हवं. क्लोरोफॉर्म पुढे मागे पडला.

न्यूयॉर्कच्या वुल्फ आणि शिन्या यांनी १९६९ मध्ये कोलोनोस्कोपीतून पॉलिप, म्हणजे आतड्यातली गाठ, काढून दाखवली, तेव्हा भुलीचा प्रश्न नव्या रूपात आला. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापलेलं कळत नाही. पॉलिप काढताना म्हणूनच दुखत नाही. पण आतडं ताणलेलं चांगलंच कळतं. नळीचा वेटोळा झाला किंवा हवेने आतडं फुगलं की मुरडा येतो. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो लवकर शोषला जातो आणि नंतरची फुगी कमी राहते. काहींना एवढ्यावर निभावतं, गुंगी लागतच नाही.

बाकीच्यांना मिडाझोलाम, फेंटानिल किंवा प्रोपोफॉल देतात. या तिन्ही औषधांचा मुख्य धोका लॉरींच्याच बाजूचा: डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो. म्हणून बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावतात, नाडी आणि ब्लड प्रेशरही पाहतात. पोट रिकामं ठेवायला सांगतात तेही यासाठीच, गुंगीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये. घरी न्यायला सोबत कुणीतरी हवं, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

तपासणीआधी "रात्री घोरता का?" असं विचारलं की पेशंट गोंधळतात. घोरणाऱ्याचा श्वास गुंगीत अडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून हा प्रश्न. पेशंट बहुधा "नाही" म्हणतो. शेजारी बसलेली बायको मान हलवते, आणि मी तिचं उत्तर लिहून घेतो.