घराच्या दारात अडलेला कायदा : अमेरिकेतील नागरी हक्क आणि समान गृहहक्काचा इतिहास

अमेरिकेतील नागरी हक्कांची चळवळ म्हटली की आपल्या अभ्यासवर्गांत ठरलेली चित्रे समोर येतात. माँटगोमेरीच्या बसमध्ये जागेवरून न उठलेल्या रोझा पार्क्स, ग्रीन्सबरोच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसलेले चार विद्यार्थी, सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या काठ्या खाणारे मोर्चेकरी. बस, खाणावळ, मतपेटी. घर या यादीत सहसा नसते. मी स्वतः समाजशास्त्रात एम.ए. करताना १९६४ आणि १९६५ च्या कायद्यांवर टिपणे काढली होती. १९६८ च्या कायद्यावर एक ओळही नव्हती. पुढे सामाजिक काम करताना, भाड्याची खोली शोधणाऱ्या मुलामुलींबरोबर फिरताना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की त्या राहून गेलेल्या कायद्याकडे वळले.

अमेरिकेत घराचा हक्क कागदावर फार लवकर आला आणि अमलात सर्वांत उशिरा. या दोन टोकांमध्ये शंभरहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

१८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. लगेच दक्षिणेतील राज्यांनी ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे केले. मिसिसिपीच्या कायद्याने तर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शहराबाहेर जमीन किंवा घर भाड्याने घेण्यास मनाई केली, म्हणजे शेतात राबायचे ते जुन्या मालकाच्याच. याला उत्तर म्हणून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १८६६ चा नागरी हक्क कायदा केला. मालमत्ता विकत घेणे, भाड्याने घेणे, विकणे आणि वारसाने मिळवणे यांत सर्व नागरिकांना गोऱ्या नागरिकांइतकाच हक्क असेल, असे त्यात लिहिले होते. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो झुगारून कायदा मंजूर केला. वाक्य इतके स्पष्ट होते की पुढे काही करण्याची गरजच पडू नये.

पण १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा दुसरा नागरी हक्क कायदा रद्द करताना असा अर्थ लावला की चौदावी घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही. हॉटेलवाल्याने दार बंद केले तर तो त्याचा खासगी प्रश्न. ‘खासगी’ हा शब्द पुढची अनेक दशके ढालीसारखा वापरला गेला.

१९१० मध्ये बाल्टिमोर शहराने कोणत्या गल्लीत कोणत्या वंशाने राहायचे हे ठरवणारा वटहुकूम काढला. अनेक शहरांनी त्याची नक्कल केली. लुइव्हिल शहराच्या वटहुकुमाविरुद्ध ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या लोकांनी मुद्दाम एक खरेदी-विक्री घडवून आणली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. ५ नोव्हेंबर १९१७ रोजी न्यायालयाने वटहुकूम रद्द केला. मात्र निकालाचा भर गोऱ्या मालकाला आपली मालमत्ता हव्या त्याला विकता यावी यावर होता. कृष्णवर्णीय माणसाच्या बरोबरीवर नव्हता.

सरकारी वटहुकूम गेले, तर भेदभाव खरेदीखतात शिरला. हे घर गोऱ्यांखेरीज कुणालाही विकणार नाही, भाड्याने देणार नाही, अशी अट शेजारीपाजारी मिळून खतात घालू लागले. घर कितीदाही विकले गेले तरी अट घराला चिकटलेलीच. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘खासगी करार’ म्हणून अशा अटींत हस्तक्षेप करण्याचे नाकारले. १९४८ मध्ये सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या प्रकरणात चित्र थोडे बदलले. न्यायालय म्हणाले की अशी अट लिहिणे बेकायदा नाही, पण ती अमलात आणून कुणाला घराबाहेर काढण्याचे काम कोर्टाने करायचे नाही. सोबतच्या डेट्रॉइटच्या प्रकरणात वकील होते थर्गूड मार्शल, जे पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. नऊपैकी तीन न्यायाधीश या सुनावणीला बसलेच नाहीत. कारण त्यांनी सांगितले नाही. त्यांच्या स्वतःच्या घरांच्या खतांत अशीच अट असावी, असा तर्क तेव्हापासून केला जातो.

सर्वांत खोल जखम मात्र सरकारच्या कर्जधोरणाने केली. महामंदीत, १९३३ मध्ये, बुडणारी गृहकर्जे वाचवण्यासाठी केंद्र सरकारने एक महामंडळ स्थापन केले. त्याने शहरांचे नकाशे रंगवले : हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा आणि शेवटी लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक ठिकाणी लाल झाल्या, तिथले लोक कमावते असले तरीही. ‘रेडलायनिंग’ हा शब्द याच लाल रंगाशी जोडला जातो. १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जांना सरकारी विमा द्यायला सुरुवात केली, आणि तिच्या नियमपुस्तिकेने खरेदीखतातील वंशाच्या अटींची चक्क शिफारस केली. शेली निकालानंतरही अशा अटींच्या नव्या घरांना विमा देणे थांबायला १९५० उजाडले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन हे हजारो घरांचे उपनगर सरकारी पाठबळावरच उभे राहिले. तिथल्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये अशी अट होती. अपवाद फक्त घरकाम करणाऱ्या नोकरांचा.

याचा परिणाम छपरापुरता नव्हता. मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबाची मोठी बचत म्हणजे त्याचे घर. शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. ज्याला घर नाकारले त्याला पुढच्या पिढीची चांगली शाळा आणि वारसाही नाकारला गेला.

१९६० च्या निवडणूक प्रचारात जॉन केनेडी यांनी सांगितले होते की सरकारी मदतीच्या घरांतील भेदभाव राष्ट्राध्यक्ष पेनाच्या एका फटकाऱ्याने संपवू शकतो. निवडून आल्यावर फटकारा काही येईना, तेव्हा लोकांनी व्हाइट हाउसला टपालाने पेने पाठवली. आदेश निघाला नोव्हेंबर १९६२ मध्ये, आणि तोही मर्यादित. १९६४ च्या गाजलेल्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, शाळा, नोकऱ्या यांत भेदभावाला बंदी घातली, पण सरकारी विम्याची गृहकर्जे त्यातून वगळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जवळजवळ दोन-तृतीयांश बहुमताने आपल्या राज्याचा समान गृहहक्क कायदा मोडीत काढला. हा प्रांत दक्षिणेतला नव्हता. न्यायालयाने १९६७ मध्ये तो कौल घटनाबाह्य ठरवला, पण बसमध्ये शेजारी बसू देणारा मतदार शेजारी राहू द्यायला तयार नाही, हे राजकारण्यांच्या ध्यानात आले होते.

मार्टिन ल्यूथर किंग जानेवारी १९६६ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागातील एका पडक्या इमारतीत राहायला गेले. उन्हाळ्यात गोऱ्या वस्त्यांतून मोर्चे काढले. ५ ऑगस्टला मार्केट पार्कमध्ये त्यांच्या डोक्याला दगड लागला. इतका द्वेष आपण मिसिसिपी-अलाबामातही पाहिला नव्हता, असे ते म्हणाले. त्या वर्षी घरांच्या भेदभावावरचे विधेयक सिनेटमध्ये फिलिबस्टरने, म्हणजे चर्चाच संपू न देण्याच्या डावाने, मारले गेले.

तरुण कार्यकर्त्यांनी यापेक्षाही मिलवॉकीची हकीकत वाचावी. तिथल्या नगरपरिषदेतील पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य व्हेल फिलिप्स १९६२ पासून समान गृहहक्काचा ठराव मांडत होत्या आणि त्याच्या बाजूने एकच मत पडत होते : त्यांचे स्वतःचे. २८ ऑगस्ट १९६७ रोजी एनएएसीपीच्या युवा शाखेने, फादर जेम्स ग्रोपी या गोऱ्या कॅथलिक धर्मगुरूच्या साथीने, सोळाव्या रस्त्याचा पूल ओलांडून गोऱ्यांच्या दक्षिण भागात मोर्चा नेला. पलीकडे हजारोंचा जमाव दगडबाटल्या घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी ही मुले पुन्हा गेली. विस्कॉन्सिनच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीतही सलग २०० दिवस मोर्चे निघाले. त्यांतली बरीचशी मुले शाळकरी वयाची होती.

१९६८ च्या सुरुवातीला सिनेटर वॉल्टर माँडेल आणि एडवर्ड ब्रुक यांनी विधेयक पुन्हा आणले. ब्रुक हे तेव्हा सिनेटमधील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य. महायुद्धावरून परतल्यावर घर नाकारले गेल्याचा अनुभव त्यांना स्वतःला होता. विरोधी नेते एव्हरेट डर्कसन तडजोडीला तयार झाले आणि ११ मार्चला सिनेटने ७१ विरुद्ध २० मतांनी ते मंजूर केले. प्रतिनिधिगृहात ते अडकण्याची चिन्हे होती. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली आणि शंभरहून अधिक शहरे पेटली. १० एप्रिलला प्रतिनिधिगृहाची मंजुरी, ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही.

वंश, वर्ण, धर्म आणि मूळ राष्ट्र यांवरून घर विकणे वा भाड्याने देणे नाकारता येणार नाही, खोटे ‘जागा नाही’ सांगता येणार नाही, तशी जाहिरात करता येणार नाही, असे हा कायदा म्हणतो. पण तडजोडीत त्याचे दात काढून घेतले होते. मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतीला सूट मिळाली. गृहनिर्माण विभागाकडे तक्रार गेली तर विभाग दोन्ही बाजूंना समेटासाठी बोलावू शके, एवढेच. दंड करण्याचा अधिकार नव्हता. कोर्टात गेलेल्याला दंडात्मक भरपाई जास्तीत जास्त १,००० डॉलर.

गंमत अशी की दोनच महिन्यांनी, १७ जून १९६८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले की १८६६ चा जुना कायदा खासगी घरमालकालाही लागू आहे आणि तो काँग्रेसने तेराव्या दुरुस्तीच्या आधारे केला असल्याने वैधच आहे. १०२ वर्षे हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात पडून होते.

दुबळा कायदा जिवंत ठेवला तो स्थानिक संघटनांनी, आणि त्यांचे मुख्य हत्यार होते टेस्टर. एकसारखे उत्पन्न आणि एकसारखी नोकरी सांगणारे दोघे, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा, थोड्या वेळाच्या अंतराने एकाच दलालाकडे जातात. पहिल्याला ‘काही शिल्लक नाही’, दुसऱ्याला चावीसकट घर दाखवले जाते. दोघे लगेच वेळ, तारीख, शब्द लिहून ठेवतात. घरमालकाच्या मनात काय होते हे सिद्ध करत बसावे लागत नाही. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की पुरे. व्हर्जिनियातील रिचमंडजवळच्या एका प्रकरणात प्रश्न आला : ज्याला मुळात घर नकोच होते, त्याचे नुकसान ते काय? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की खरी माहिती मिळण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे, म्हणून खोटे सांगितले गेलेली कृष्णवर्णीय टेस्टर स्वतःच्या नावाने दावा लावू शकते. माझ्या मते १९६८ च्या सहीइतकाच हा निकाल मोलाचा आहे. त्याआधी १९७२ मध्ये न्यायालयाने गोऱ्या भाडेकरूंचाही दावा ऐकला होता. आमच्या संकुलात कृष्णवर्णीयांना येऊ न देऊन आम्हालाही मिश्र शेजारापासून वंचित केले, असे त्यांचे म्हणणे होते.

दात आले १९८८ च्या दुरुस्तीने. विभागाला स्वतः आरोप दाखल करण्याचा अधिकार मिळाला, प्रशासकीय न्यायाधीश आणि दंड आले, १,००० डॉलरची मर्यादा गेली. १९७४ मध्ये लिंगभेदाचा समावेश झाला होता. आता अपंग व्यक्ती आणि लहान मुले असलेली कुटुंबेही संरक्षणात आली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य केले की हेतू सिद्ध झाला नाही तरी एखाद्या धोरणाचा परिणाम भेदभावाचा असेल तर दाद मागता येते. त्याच वर्षी शहरांनी वस्त्यांतील विभागणी कमी करण्याचा आराखडा द्यावा असा नियम झाला; तो २०२० मध्ये रद्द, २०२१ मध्ये काही अंशी परत, २०२५ मध्ये पुन्हा रद्द. आजही गोऱ्या कुटुंबांत स्वतःचे घर असलेल्यांचे प्रमाण सुमारे ७४ टक्के आहे, कृष्णवर्णीयांत सुमारे ४५.

या लढ्याशी आपला संबंध जुना आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली होती. दलित पँथरने १९७२ मध्ये ज्यांचे नाव घेतले त्या ब्लॅक पँथरच्या दहा कलमी कार्यक्रमातले चौथे कलम राहण्यायोग्य घराचेच होते. आपल्याकडे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणे हा गुन्हा आहे. फौजदारी गुन्हा असल्याने तो संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, आणि घरमालक कारण कधीच बोलून दाखवत नाही.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगरपरिषदेने भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. नोकरीबरोबर घरेही त्यात येतात. कॅलिफोर्नियातील तसेच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी, सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून, परत पाठवले. सिएटलमध्ये आता टेस्टरचा प्रश्न नव्याने उभा राहतो. वर्ण दारातच दिसतो. जात आधी विचारावी लागते. म्हणजे तिथल्या नोंदवहीत वेळ आणि तारखेच्या शेजारी आणखी एक रकाना लागेल : आडनाव कुणी, कोणत्या शब्दांत विचारले.