ट्यूमर : एका शब्दाचा प्रवास

शब्दांच्या इतिहासात रस असणाऱ्या वाचकांचे लक्ष आम्ही आज एका वैद्यकीय शब्दाकडे वेधू इच्छितो. 'ट्यूमर' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ नुसती सूज. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्सस याने दाहाची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्मा, वेदना. त्यांतली सूज म्हणजे ट्यूमर. पुढे हा शब्द गाठीला चिकटला आणि दाहाशी असलेले त्याचे नाते विस्मरणात गेले. अर्बुद सहसा पिकत नाही, असे म्हणून सुश्रुतसंहितेनेही गाठ आणि दाह यांत अंतर राखले आहे.

हे नाते पुन्हा जुळवले रुडॉल्फ विर्खो याने. मेंदूतील चेतापेशींना सांधणाऱ्या ऊतीला 'ग्लिया', म्हणजे खळ, हे नाव त्याचेच. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी आढळल्यावर, कर्करोगाचे मूळ जुनाट दाहात असावे, असा तर्क त्याने १८६३ मध्ये मांडला. १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगाने मेंदूच्या रक्षक पेशी, मायक्रोग्लिया, वेगळ्या ओळखल्या.

ग्लायोब्लास्टोमा या अतिआक्रमक गाठीत याच पेशी, रक्तातून आलेल्या भक्षकपेशींसह, मोठ्या संख्येने सापडतात. परंतु त्या लढत नाहीत. गाठीच्या संकेतांनी फितूर होऊन नव्या रक्तवाहिन्यांना आणि गाठीच्या प्रसाराला हातभार लावतात, टी-पेशींना रोखतात. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराकने गाठीला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली, ती येथे नेमकी लागू पडते.

उपचारांतला पेच याहून कठीण. कवटीत सुजेला जागा नसते. म्हणून १९६१ पासून डेक्सामेथासोन दिले जाऊ लागले आणि बेशुद्धीकडे झुकलेले रुग्ण पुन्हा बोलू लागले. मात्र तेच औषध प्रतिकारशक्तीही दडपते. २००५ मध्ये प्रारणोपचाराला टेमोझोलोमाइडची जोड मिळाली, तेव्हा मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे निवोलुमॅब गाठ उलटलेल्या रुग्णांत बेव्हासिझुमॅबपेक्षा अधिक आयुष्य देऊ शकले नाही, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

दाह विझवावा, की त्याला योग्य दिशा द्यावी? आज संशोधकांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे : फितूर पेशींना पुन्हा आपल्या बाजूला वळवण्याकडे. तोवर सूज उतरवणे ही रुग्णाची आजची गरज, आणि तिची किंमत उद्याच्या उपचाराने मोजायची. सेल्ससने एका ओळीत एकत्र मांडलेले शब्द आम्ही फार लवकर वेगळे केले, असे म्हणावेसे वाटते.