घशापासून हृदयापर्यंत : एका साध्या दुखण्याचा भारतीय इतिहास

घसा दुखू लागला की भारतातल्या घराघरांत उपचाराची सुरुवात स्वयंपाकघरातून होते. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, हळद घातलेले दूध, उत्तरेत मुलेठी, महाराष्ट्रात ज्येष्ठमध, तमिळनाडूत सुंठीची कॉफी. चार-सहा दिवसांत घसा मोकळा होतो आणि श्रेय त्या-त्या उपायाला मिळते. बहुतेक वेळा यापेक्षा अधिक काही करण्याची गरजही नसते, कारण घसादुखीमागे बहुधा विषाणू असतात आणि तो संसर्ग आपोआप ओसरतो. परंतु काही रुग्णांच्या, विशेषतः शाळकरी मुलांच्या, घशात स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा ‘ए’ गट असतो. त्यांचाही घसा आठवड्याभरात बरा होतो. मात्र त्यांतल्या काहींचा आजार तेथे संपत नाही. हा इतिहास त्यांचा आहे.

घशाच्या रोगांकडे भारतीय वैद्यकाचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचे 65 प्रकार सांगितले असून त्यांतील 17 एकट्या कंठाचे आहेत. निरीक्षण इतके बारकाईचे होते, पण डोळ्यांना न दिसणारे कारण शोधण्यासाठी सूक्ष्मदर्शक यावा लागला. 1874 साली व्हिएन्नातील शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ यांनी जखमांमध्ये दिसणाऱ्या, साखळीसारख्या जोडलेल्या गोल जिवाणूंना ‘स्ट्रेप्टोकोकस’ हे नाव दिले. या कुळातील सारे सदस्य सारखे नाहीत, हे स्पष्ट व्हायला आणखी सहा दशके लागली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रेबेका लान्सफील्ड यांनी 1933 साली या जिवाणूंची ए, बी, सी अशी गटवारी मांडली. माणसाचा घसा धरणारा मुख्य शत्रू ‘ए’ गटात सापडला.

दरम्यान दुसरे एक कोडे डॉक्टरांना छळत होते. काही मुलांना ताप येई, मोठे सांधे एकामागून एक सुजत आणि आपोआप उतरत. या ऱ्हुमॅटिक तापातून मूल उठून खेळू लागे. सांध्यांवर खूण राहत नसे, हृदयाच्या झडपांवर मात्र राहून जाई. 1931 साली न्यूयॉर्कमध्ये अॅल्विन कोबर्न यांनी आणि लंडनमध्ये डब्ल्यू. आर. एफ. कॉलिस यांनी, स्वतंत्रपणे, या तापाचा माग घशातील स्ट्रेप्टोकोकसपर्यंत नेला. घसा दुखणे आणि ताप येणे यांत साधारण दोन-तीन आठवड्यांचे अंतर असते. याच अंतरामुळे दोहोंचा संबंध इतकी वर्षे लपून राहिला होता.

हे अंतर का पडते, याचे उत्तर पुढे प्रतिकारशास्त्राने दिले. या जिवाणूच्या आवरणावर ‘एम’ नावाचे प्रथिन असते. त्याच्या रचनेचा काही भाग हृदयातील प्रथिनांशी मिळताजुळता असतो. जिवाणूशी लढण्यासाठी शरीराने घडवलेली शस्त्रे मग स्वतःच्याच हृदयावर चालू लागतात. ही शस्त्रे तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोवर घसा बरा झालेला असतो. झडपांपैकी सर्वाधिक इजा होते ती मायट्रल झडपेला. प्रत्येक नव्या संसर्गागणिक तिच्यावरचे व्रण वाढतात, ती जाड होते, चिकटते, अरुंद होते किंवा गळू लागते.

कारण कळले, पण उपाय हाती आला तो पेनिसिलिनमुळे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात वॉरन हवाई तळावर जवानांमध्ये घशाच्या संसर्गाच्या साथी येत. तेथे फ्लॉइड डेनी, लुईस वॅनामेकर, चार्ल्स रॅमलकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1950 साली प्रसिद्ध झाला. पेनिसिलिन दिलेल्या सुमारे 800 जवानांपैकी 2 जणांना ऱ्हुमॅटिक ताप आला. न दिलेल्या जवळपास तेवढ्याच जवानांपैकी 17 जणांना आला. घशावर वेळेत केलेला उपचार हृदय वाचवतो, हे प्रथमच आकड्यांनी सिद्ध झाले. लवकरच बेंझाथिन पेनिसिलिन आले. त्याचे एक इंजेक्शन स्नायूत दिले की औषध काही आठवडे हळूहळू रक्तात झिरपत राहते.

स्वतंत्र भारताने हे औषध स्वतः बनवायचे ठरवले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला. औषध देशात होऊ लागले, परंतु हा रोग देशात किती आहे, याची जाणीव अद्याप अपुरी होती. ऱ्हुमॅटिक ताप हा थंड हवेच्या देशांचा रोग आहे, उष्ण कटिबंधात तो क्वचितच आढळतो, असा समज विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकात रुजला होता. वस्तुस्थिती वेगळी होती. रोगाचे नाते हवामानापेक्षा दाटीशी अधिक आहे. एका खोलीत अनेक जण झोपतात, शाळेच्या एका बाकावर मुले खेटून बसतात, तेथे घशातला जिवाणू सहज पसरतो.

1963 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजय रॉय आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सहलेखकांमध्ये विकृतिशास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी होते. पाश्चात्त्य ग्रंथांनुसार ऱ्हुमॅटिक तापानंतर मायट्रल झडप अरुंद व्हायला बरीच वर्षे, बहुधा दशके लागत. भारतात मात्र विशी न गाठलेल्या मुलामुलींत ती धोकादायक पातळीपर्यंत अरुंद झालेली आढळत होती. रोग तोच होता, पण त्याची चाल येथे कितीतरी वेगवान होती. जो रोग आपल्याकडे जवळजवळ नाहीच असे मानले गेले, तोच शाळकरी वयात हृदय निकामी करीत होता.

झडप पुरती बिघडली की ती बदलावी लागते, आणि आयात झडप सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे खपून भारतीय कृत्रिम झडप तयार करण्यात आली. आधीचे नमुने चाचण्यांत अपयशी ठरले तरी काम थांबले नाही. डिसेंबर 1990 मध्ये ‘चित्रा’ झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. भारतीय विज्ञानाचे हे निःसंशय यश होय. तरीही घशातच थांबवता आला असता असा रोग हृदयापर्यंत पोहोचल्यावरच या झडपेची गरज पडते, हेही तितकेच खरे.

हा रोग आता इतिहासजमा झाला, असे वाटणाऱ्यांसाठी हरियाणातील बल्लभगढचा अभ्यास पुरेसा आहे. अनिता सक्सेना आणि सहकाऱ्यांनी 5 ते 15 वर्षांच्या 6,270 शाळकरी मुलांची तपासणी केली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या तपासणीत हजारी 0.8 मुलांत हृदयरोग आढळला. इकोकार्डिओग्राफीने पाहिले तेव्हा झडपांतील बदल हजारी 20.4 मुलांत दिसले. या सर्वांचाच रोग बळावेल असे नाही, पण स्टेथोस्कोपला ऐकू न येणारे बरेच काही मागे उरते, हे त्यातून उघड झाले.

आज घसादुखीबाबत परस्परविरोधी दोन चुका एकाच वेळी होत आहेत. एकीकडे विषाणूजन्य घसादुखीवर प्रतिजैविके सर्रास दिली जातात. त्यांचा रुग्णाला उपयोग होत नाही आणि इतर जिवाणूंमध्ये औषधांना दाद न देण्याची शक्ती तेवढी वाढते. दुसरीकडे, ज्या मुलाला पेनिसिलिनची खरी गरज आहे ते दवाखान्यात पोहोचतच नाही, किंवा अॅलर्जीच्या झटक्याच्या भीतीने ते इंजेक्शन टाळले जाते. वास्तविक हा फरक ओळखायला काही साध्या खुणा मदत करतात. सर्दी, खोकला आणि बसलेला आवाज बहुधा विषाणूकडे बोट दाखवतात. खोकला नसताना अचानक आलेला ताप, टॉन्सिलवरील पांढरट पू आणि मानेतील पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी यांमुळे स्ट्रेप्टोकोकसचा संशय बळावतो. खात्री मात्र घशातील स्रावाच्या तपासणीनेच होते.

या साऱ्या कथेत एक दिलासा आहे. अनेक जिवाणू प्रतिजैविकांना जुमानेनासे झाले असताना, ‘ए’ गटातील स्ट्रेप्टोकोकस आठ दशकांनंतरही पेनिसिलिनपुढे नमतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला, तरी ऱ्हुमॅटिक ताप बहुधा टळतो. ज्यांना तो एकदा येऊन गेला आहे, त्यांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. मे 2018 मध्ये जागतिक आरोग्य सभेने या हृदयरोगाविरुद्ध ठराव केला, तेव्हाही नव्या चमत्काराची अपेक्षा नव्हती. प्रतिबंधक लस अजून वापरात आलेली नाही. औषध जुने आहे आणि स्वस्त आहे. ते एकविसाव्या दिवशी त्या मुलाच्या गावातल्या आरोग्य केंद्रात उपलब्ध असणे, एवढाच भाग अजून पूर्ण व्हायचा आहे.

#वैद्यकइतिहास #भारतीयविज्ञान