शिंगाडा, डुक्कर आणि गोगलगाय: आतड्यातील एका कृमीचा इतिहास

(१) चंद्रपूर-गडचिरोलीचे जुने मालगुजारी तलाव डोळ्यांपुढे आणा. पाण्यावर शिंगाड्याच्या वेली पसरलेल्या असतात, ढिवर समाजातील माणसे फळे काढतात आणि बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. शिंगाडा उकडून खाण्याची ही साधी रीत आरोग्याच्या दृष्टीने किती मोलाची आहे, हे कळायला विज्ञानाला जवळपास ऐंशी वर्षे लागली. त्या शोधाची ही कथा.

(२) सन १८४३. लंडनजवळ ग्रिनिच येथे थेम्स नदीत ‘ड्रेडनॉट’ हे खलाशांचे रुग्णालय-जहाज उभे होते. तेथे पूर्वेकडून आलेल्या एका लास्कराच्या, म्हणजे खलाशाच्या, शवविच्छेदनात शल्यचिकित्सक जॉर्ज बस्क यांना लहान आतड्यात पानासारखे चपटे, मांसल कृमी आढळले. पुढे कृमीला बस्क यांचे नाव मिळाले: फॅसिओलॉप्सिस बस्की. ज्याच्या देहाने हे ज्ञान दिले, तो खलाशी मात्र अनामच राहिला.

(३) हा पर्णकृमी सात सेंटिमीटरांहूनही लांब वाढू शकतो. तो माणसाच्या आतड्यात राहतो, तसाच डुकराच्याही. मग तो पोटात शिरतो कोठून? केवळ रुग्णाला तपासून हे कळणारे नव्हते.

(४) उत्तर मिळाले ते तळ्याकाठी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तैवानमध्ये नाकागावा यांनी, तर चीनमधील शाओशिंग परिसरात अमेरिकी डॉक्टर क्लॉड बार्लो यांनी कृमीचे जीवनचक्र उलगडले. बार्लो यांचा सविस्तर प्रबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला.

(५) ते चक्र असे: माणसाच्या वा डुकराच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात. त्यांतून निघालेली अळी एका लहान गोगलगायीत शिरते आणि तेथे तिची संख्या वाढते. बाहेर पडलेल्या अळ्या शिंगाड्यासारख्या पाणवनस्पतींवर कोश करून बसतात. कच्च्या फळाची साल कोणी दातांनी सोलली, की कोश थेट पोटात! सुमारे तीन महिन्यांत कृमी प्रौढ होतो.

(६) आता महाराष्ट्राकडे वळू. १९५२ साली आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे स्थानिक केंद्र असल्याचे जाहीर केले. हा कृमी निराळा. तो आतड्यात नव्हे, तर मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहतो आणि लघवीतून रक्त जाते. परंतु त्याचीही वाट गोड्या पाण्यातील गोगलगायीतूनच जाते. गाडगीळांनी रुग्णांवर न थांबता गावच्या पाण्याचा शोध घेतला आणि फेरिसिया टेनुइस ही चिमुकली गोगलगाय त्या साखळीतील दुवा म्हणून पुढे आणली.

(७) हेच गाडगीळ १९६६ साली पुन्हा दिसतात. शहा आणि मनोहर या सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईतील फॅसिओलॉप्सिसच्या बाधेविषयी प्राथमिक निवेदन प्रसिद्ध केले. १८४३ साली थेम्सवरील जहाजात प्रथम दिसलेला तो कृमी आता आपल्याच राज्यात नोंदला गेला होता. पुढे १९७२ साली, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर तालुक्यातील त्याच्या प्रसाराचा अभ्यासही प्रसिद्ध झाला.

(८) या इतिहासाचा बोध कोणता? अशा रोगाचा दोष रुग्णाच्या, गरिबाच्या वा डुक्कर पाळणाऱ्याच्या माथी मारणे सोपे असते. पण औषधाने एक माणूस बरा झाला आणि विष्ठा तळ्यात जातच राहिली, तर तोच माणूस पुन्हा बाधित होतो. माणूस, जनावर, गोगलगाय आणि वनस्पती यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

(९) म्हणूनच शिंगाड्याला घाबरण्याचे कारण नाही. उकळत्या पाण्यात हे कोश मरतात. साखळी कोठेही तुटली तरी कृमीची वाट बंद होते. शौचालय ती तळ्याच्या काठावर तोडते, आणि तलावाकाठच्या घरातील चुलीवरचे आधणही ती तोडते.